पिंजरा, पत आणि लघवी

उंदराचं मूत्राशय तपासायची सगळ्यात स्वस्त पद्धत अशी: रिकाम्या पिंजऱ्याच्या तळाशी फिल्टर पेपर अंथरायचा, उंदराला त्यावर चार तास सोडायचं, मग कागद वाळवून अतिनील दिव्याखाली धरायचा. लघवीचे डाग चकाकतात. डाग किती, केवढे, कोपऱ्यात की मधोमध, एवढं मोजलं की काम झालं. चिरफाड नाही, नळी नाही, भूल नाही. प्रोस्टेटची वाढ, मधुमेह, मज्जारज्जूची इजा, म्हातारपण, अशा कितीतरी मानवी दुखण्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत हा कागद रोज अंथरला जातो.

अडचण तो वाचण्यात आहे. कागदभर शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसले, तर मूत्ररोगाचा अभ्यासक म्हणतो, हे मूत्राशय अतिक्रियाशील आहे, जरा भरलं की रिकामं व्हायला बघतंय. वर्तनाचा अभ्यासक तोच कागद पाहून म्हणतो, हा नर ठणठणीत आहे आणि इथला मालक आहे. कोपऱ्यात दोन-तीन मोठी थारोळी दिसली, तर पहिल्याच्या लेखी प्रकृती उत्तम, दुसऱ्याच्या लेखी हा दबलेला गडी. दोघांपैकी कोण बरोबर, हे कागदावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी हा उंदीर इथे येण्याआधी कुणाच्या सोबतीने, कशावर, केवढ्या जागेत आणि किती उबेत राहत होता ते ठाऊक असावं लागतं. आणि शोधनिबंधांत नेमका तोच तपशील एका ओळीत उरकलेला असतो. गेल्या पन्नास वर्षांतलं हे संशोधन सलग वाचलं की माझं तरी मत असं होतं, की उंदराच्या लघवीवरचा प्रयोग हा बऱ्याच अंशी त्याच्या घरावरचा प्रयोग असतो. करणाऱ्याने तसं ठरवलेलं असो वा नसो.

सुरुवात १९७३ पासून करावी लागते. क्लॉड डेजार्डां, जेम्स मारुनिअक आणि फ्रँक ब्रॉन्सन या तिघांनी त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. नर उंदरांची जोडी समोरासमोर आणली, कोण वरचढ आणि कोण पडता हे ठरू दिलं आणि मग दोघांच्या पिंजऱ्यांचा तळ अतिनील प्रकाशात पाहिला. वरचढ नराने सगळा तळ ठिपक्यांनी भरून टाकलेला. हरलेल्याची लघवी कोपऱ्यांमधल्या दोन ते चार डबक्यांत जमलेली. त्याआधी हे दोघे बाहेरून सारखेच दिसत होते. सत्ता कुणाकडे आहे हे मूत्रावरून वाचता येतं, असं इतक्या स्पष्टपणे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या दोनेक वर्षांत याच मंडळींनी नव्या जागेत, नव्या सोबत्यासमोर हे ठिपके कसे बदलतात, माद्यांमध्ये संप्रेरकांचा त्यावर काय परिणाम होतो, याचेही प्रयोग केले. आज मूत्राशयाचं ‘निदान’ म्हणून जो कागद वापरतात, तो मुळात पत मोजायचा कागद होता, हे या विषयातल्या अनेक निबंधांना आठवत नाही.

उंदीर लघवीवर एवढा खर्च का करतो? कारण ती त्याची ओळख आहे, दवंडी आहे आणि दमदाटीही आहे. नर उंदराच्या मूत्रात प्रथिनांचं प्रमाण इतकं असतं की माणसात तेवढं आढळलं तर डॉक्टर मूत्रपिंडाचा आजार शोधू लागतील. उंदरात मात्र ते निरोगीपणाचं लक्षण. ही प्रथिनं यकृतात बनतात. त्यांच्या पोकळीत उडून जाणारे गंधरेणू अडकून बसतात आणि हळूहळू सुटतात, म्हणून वाळलेला ठिपकाही बराच काळ बोलत राहतो. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की कोणता ठिपका कुणाचा हे उंदीर या प्रथिनांच्या मिश्रणावरून ओळखतात. पुढे २०१० मध्ये याच गटाने मादीला एका नराच्या गंधाकडे ओढणारं एक प्रथिन वेगळं काढलं आणि जेन ऑस्टेनच्या कादंबरीतल्या डार्सीवरून त्याला ‘डार्सिन’ असं नाव दिलं. शास्त्रज्ञांना विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांसाठी हे एक उत्तर.

ठिपके एकदा टाकून भागत नाही. चौकात एकाचा फ्लेक्स लागला की रातोरात त्याच्यावर दुसऱ्याचा चढतो, तसं प्रतिस्पर्ध्याच्या खुणेशेजारी किंवा खुणेवर आपली ताजी खूण टाकावी लागते. ज्याची खूण वरची आणि ताजी, त्याचा इलाका. याची किंमतही पडते: सतत खुणा टाकाव्या लागणाऱ्या नरांची वाढ मागे पडते, असं प्रयोगांत दिसलं आहे. जेम्स कर्ली यांच्या गटाने मोठ्या कळपातल्या नरांची उतरंड मांडून पाहिली, तेव्हा शिरजोर नरांच्या मूत्रात ही प्रथिनं अधिक निघाली.

आता हा प्राणी आपण प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो. तोही कसला? प्रयोगशाळेतल्या वाणांत पिढ्यानपिढ्या भावाबहिणींचा संकर झालेला असतो, त्यामुळे एका वाणाच्या सगळ्या नरांची मूत्रप्रथिनं जवळजवळ एकसारखी असतात. रानातल्या उंदरासाठी प्रत्येक शेजाऱ्याची सही वेगळी. इथे सगळ्यांची सही एकच. त्यात ‘दुसऱ्याची खूण’ म्हणजे काय, हेच अवघड होऊन बसतं. शिवाय वाणावाणांत लघवीची सवय मुळातच वेगळी असते. बॉस्टनच्या वॉरन हिल आणि मार्क झायडेल यांच्या गटाने अनेक वाण शेजारी शेजारी तपासून २०१४ मध्ये हे मांडलं, की कितीदा आणि किती ही गोष्ट अनुवंशाने चालत येते. म्हणजे एका वाणावर ठरवलेलं ‘सामान्य’ दुसऱ्याला लावायची सोय नाही.

एकट्याने ठेवायचं की सोबतीने, हा या सगळ्यातला मोठा प्रश्न, आणि इथे थोडं थांबायला हवं. व्यवहारात उत्तर बहुतेक वेळा सोयीचं असतं. नर मारामारी करतात, चावे घेतात, जननेंद्रियाला जखमा होतात. अशा जखमी नराचा मूत्रमार्ग तुंबण्याचा आजार प्राणिगृहातल्या माणसांच्या चांगल्या ओळखीचा. म्हणून नर वेगळे ठेवायचे आणि ‘स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवले’ असं लिहून पुढे जायचं. पण उंदराची लघवी जन्मापासूनच एकट्याची बाब नसते. नवजात पिल्लाला आपली आपण लघवी करता येत नाही. आई चाटते तेव्हा प्रतिक्षिप्त क्रियेने ती सुटते आणि हा प्रकार तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास संपतो. नेमक्या त्याच सुमारास, साधारण एकविसाव्या दिवशी, प्रयोगशाळेत पिल्लं आईपासून तोडतात.

हार्वर्डमधल्या मिन्सुक ह्युन, बर्नार्डो सबातिनी आणि सहकाऱ्यांचा २०२१ मधला निबंध या प्रश्नाच्या गाभ्याशी जातो. उंदीर नव्या जागेत सोडला की लघवी कोपऱ्यात करतो की सगळ्या जागेवर पसरतो, हे त्याच्या वाणावर, आजूबाजूच्या संवेदनांवर आणि आधीच्या सोबतीवर ठरतं, असं त्यांना दिसलं. एकटं ठेवल्यावर जागा व्यापणारी लघवी उघड होते. या फरकाचा माग त्यांनी मेंदूत काढला, तो हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागातून मेंदूच्या देठातल्या मूत्रकेंद्राकडे जाणाऱ्या वाटेपर्यंत. हे मूत्रकेंद्र जुन्या ओळखीचं आहे: ब्रिटिश शल्यचिकित्सक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं, म्हणून आजही त्याला त्यांचं नाव आहे. तिथल्या पेशींच्या निरनिराळ्या गटांपैकी एक मूत्राशय आकुंचित करणारा, तर दुसरा मूत्रमार्गाचा आवळलेला स्नायू सैल सोडणारा. दुसऱ्या गटाचं काम लिसा स्टोवर्स यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये उलगडलं. मादीच्या वासाने नर मुद्दाम ठिपके टाकतो, तेव्हा या पेशी कामाला लागतात.

याचा अर्थ साधा आहे. पिंजऱ्यात सोबत आहे की नाही, ही बातमी मेंदूमार्गे थेट लघवीच्या यंत्रणेपर्यंत पोचते. मूत्राशयाला, त्याच्या स्नायूला, नसांना काहीही झालेलं नसताना कागद बदलतो. मग औषध देऊन किंवा जनुक बाद करून कागद बदलला, तर त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? औषधाने मूत्राशय शांत झालं की नराची रग उतरली?

सोबत दिली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. ती सोबत कुणाची, यावर सगळं आहे. फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयात स्टीफन झ्देरिक यांच्या गटाने २००९ मध्ये केलेला प्रयोग क्रूर आहे, पण त्यातून जे कळलं ते टाळता येत नाही. सहा आठवड्यांच्या एफव्हीबी वाणाच्या उंदरांना रोज एक तास मोठ्या, आक्रमक सी५७बीएल/६ नरापुढे टाकायचं; उरलेले तेवीस तास मध्ये अडसर, पण शेजार त्याचाच. असे चार आठवडे. या उंदरांनी लघवी धरून ठेवायला सुरुवात केली. मूत्राशयाचं वजन वाढलं, भिंत बदलली. म्हणजे १९७३ मध्ये जे हरलेल्याच्या वागण्यात दिसलं होतं, ते इथे अवयवात उतरलं. भीतीने लघवी रोखणाऱ्या लहान मुलांच्या तक्रारीशी त्यांनी या निष्कर्षाचा धागा जोडला. पुढे २०१५ मध्ये निघालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की केवळ जखडून ठेवण्याच्या ताणाने उंदरांच्या मूत्राशयाचं काम तसं बदललं नाही. बदल घडवला तो वारंवारच्या सामाजिक पराभवाने. ताण म्हणजे ताण असं सरसकट म्हणता येत नाही.

माझं लक्ष त्या तेवीस तासांकडे जातं. प्रयोगात जो अडसर मुद्दाम उभा केला, त्याच्या जवळपासची परिस्थिती साध्या प्राणिगृहात नकळत रोज उभी असते. चार-पाच भाऊ एका पिंजऱ्यात, त्यांतला एक दांडगा, बाकीच्यांना पळायला जागा नाही. रानात हरलेला नर निघून जातो. इथे तो ज्याच्याकडून हरला त्याच्याच बिछान्यावर झोपतो. मग या पाचही जणांच्या कागदांची सरासरी काढायची आणि त्याला ‘नियंत्रित गट’ म्हणायचं! एका पिंजऱ्यातले पाच उंदीर हे पाच स्वतंत्र नमुने धरणं संख्याशास्त्राच्या दृष्टीने चूक, हे सगळे मान्य करतात, आणि तरी निबंधांत ते सर्रास तसे मोजले जातात.

शेजार भिंतीपलीकडचाही असतो. विसाव्या शतकाच्या मध्याला एकामागून एक चार परिणाम नोंदले गेले. माद्यांना गर्दीने, नराविना ठेवलं की त्यांचं ऋतुचक्र मंदावतं, हे १९५५ मध्ये नेदरलँड्समधल्या ली आणि बूट यांनी सांगितलं. नराचा गंध मिळाला की ते चक्र पुन्हा सुरू होतं आणि अनेक माद्या एकदमच माजावर येतात, हे लवकरच ऑस्ट्रेलियन संशोधक व्हिटन यांनी. परक्या नराच्या गंधाने नुकती राहिलेली गर्भधारणा टिकत नाही, हे १९५९ मध्ये हिल्डा ब्रूस यांनी. नराच्या गंधाने कोवळ्या माद्या लवकर वयात येतात, हे साठच्या दशकात व्हॅन्डनबर्ग यांनी. चारहींत निरोप पोचवणारं मुख्य माध्यम मूत्रच. ऋतुचक्राबरोबर मादीची लघवीची ठेवणही बदलते, तेव्हा मादीच्या कागदावर काय उमटेल हे मांडणीतल्या वरच्या खणात नर आहेत की नाहीत यावरही अवलंबून. हल्लीच्या हवा खेळती ठेवणाऱ्या बंद पिंजऱ्यांत हा वास पुष्कळसा तुटतो, जुन्या उघड्या जाळीच्या पिंजऱ्यांत तो खोलीभर फिरायचा. त्यामुळे १९८० चा निष्कर्ष आणि २०२० चा निष्कर्ष जुळत नसले तर आधी पिंजरा बघावा, असं मी म्हणेन. 

आता साफसफाई. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भुसा बदलायचा, पिंजरा धुवायचा, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच. साचलेल्या मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात आणि तो उंदरांच्या नाकाला आणि माणसांच्याही नाकाला वाईट. पण त्या दिवशी उंदराचा सगळा दस्तऐवज पुसला जातो. इलाका पुन्हा नव्याने लिहावा लागतो. नेदरलँड्समधल्या पास्कल व्हॅन लू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याचा एक बारीक भेद दाखवला: जुन्या घरट्यातलं साहित्य नव्या पिंजऱ्यात टाकलं तर नरांमधली भांडणं कमी होतात, पण मूत्राने भिजलेला जुना भुसा टाकला तर वाढतात. लोक ‘थोडा ओळखीचा वास राहू दे’ म्हणून नेमकं दुसरंच करत आले होते. लघवीच्या चाचणीसाठी यातून निघणारी सूचना अगदी घरगुती आहे. सफाई कधी झाली आणि कागद कधी अंथरला, यांतलं अंतर सगळ्या उंदरांसाठी एक असावं आणि ते लिहावं. बहुतेक निबंधांत ते नसतं. चाचणी स्वतःच एका नव्या, वासहीन, भुसा नसलेल्या पिंजऱ्यात होते, म्हणजे प्रत्येक उंदीर त्या चार तासांत मुळात नव्या जागेला प्रतिसाद देत असतो, ही गोष्ट तर चर्चेतही येत नाही.

जागेचं म्हणाल तर उंदीर गलिच्छ असतो हा आपला समज पिंजऱ्याने लादलेला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जोआना माकोव्स्का आणि डॅन वीअरी यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांना एकमेकांना जोडलेल्या पिंजऱ्यांची मोठी जागा दिली. त्यांनी झोपायची जागा एकीकडे आणि घाणीची दुसरीकडे, अशी व्यवस्था आपली आपण लावली. नेहमीच्या एकाच छोट्या पिंजऱ्यात ती लावता येत नाही. म्हणजे ‘कोपऱ्यात लघवी करणारा’ उंदीर हा कधी दबलेला असेल, कधी नुसता नीटनेटका.

याच्या दुसऱ्या टोकाला चयापचय पिंजरा. मूत्राचं प्रमाण नेमकं मोजायला उंदीर जाळीच्या तळावर, एकटा, घरट्याशिवाय ठेवतात. खाली नरसाळ्यातून मूत्र गोळा होतं. किडनीच्या संशोधनाला याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ओटो कालिओकोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बाल्ब/सी वाणाचे नर तीन आठवडे त्यात ठेवून तपासले आणि निष्कर्ष निबंधाच्या नावातच देऊन टाकला: उंदरांना या पिंजऱ्याची सवय होत नाही. ‘एक-दोन दिवस रुळू द्या, मग मोजा’ हा प्रयोगशाळेतला जुना शिरस्ता त्याने मोडीत निघायला हवा होता.

थंडीचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेतली प्रमाण मार्गदर्शिका उंदरांसाठी २० ते २६ अंश सेल्सियस सांगते, अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसाला बरं वाटेल असं तापमान. उंदराला ऊब राखण्यासाठी जादा श्रम पडू नयेत तर सुमारे ३० अंश लागतात. खालच्या तापमानात तो जास्त खातो, उष्णता तयार करत राहतो. सोबत आणि घरटं असेल तर ती तूट भरून निघते. एकट्या, घरटं नसलेल्या उंदराची नाही. म्हणून एकटेपणाचा परिणाम मोजताना थंडीही सोबत मोजली जाते. प्रकाशाचंही तसंच. उंदीर निशाचर, त्याचं मूत्राशय दिवसा जास्त धरतं आणि रात्री कमी. क्योतोच्या नेगोरो यांच्या गटाने २०१२ मध्ये याचा संबंध मूत्राशयातल्याच जैविक घड्याळाशी आणि कॉनेक्सिन-४३ या प्रथिनाशी लावला. चाचणी मात्र माणसांच्या कचेरीच्या वेळेत, म्हणजे उंदराच्या झोपेत होते.

हाताळणीबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शेपटीला धरून उचललं की उंदीर मुततो, हे प्राणिगृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तो उंदराचा स्वभाव समजला जातो. हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं, की ओंजळीत किंवा नळीतून उचललं तर उंदीर कितीतरी कमी घाबरतात आणि अशी भीतीची लघवीही कमी होते. आता विचार करा: चाचणीच्या पिंजऱ्यात सोडण्याआधीच मूत्राशय अर्धं रिकामं झालेलं असेल, तर त्या चार तासांचा हिशोब काय कामाचा? १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि ड्यूडेक यांनी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांत तेच वाण, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवूनही उंदरांच्या वर्तनात फरक आल्याचं प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्या चाचण्यांत लघवी नव्हती. असती तर फरक कमी निघाला असता, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांचा गट उंदरांच्या गंधज्ञानावर काम करतो. नराच्या मूत्राचा गंध कुठे आहे ही जागा मादी कशी लक्षात ठेवते, आणि त्यासाठी नाकाबरोबर मिशांच्या स्पर्शाचीही मदत कशी घेते, हे त्यांनी २०२१ मध्ये मांडलं. वासाबरोबर जागेची ठेवणही स्मृतीत जात असेल, तर दर पंधरवड्याला सगळं धुवून काढणाऱ्या पिंजऱ्यात त्या स्मृतीचं काय होतं, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

उपाय काय? यंत्रं सुधारत आहेत. ताजं मूत्र अंगाइतकं गरम असतं आणि काही वेळात गार पडतं, याचा फायदा घेऊन उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने उंदीर केव्हा आणि कुठे लघवी करतो हे पाहता येतं. आन व्हर्स्टेगन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ही रीत तपशिलाने दिली. कागदाला वेळ कळत नाही, कॅमेऱ्याला कळते: एकापाठोपाठ ठिपके टाकत चाललेला नर आणि दर दहा मिनिटांनी कळ येणारा आजारी उंदीर यांच्यात फरक करता येतो. २०१८ मध्ये हिल, झायडेल, ब्योर्लिंग आणि वेझिना यांनी कागदाच्या चाचणीसाठीही एकसारख्या पद्धतीचा आग्रह धरणारी शिफारसपत्रिका काढली. तरी माझी तक्रार उरते ती नियमांच्या क्रमावर. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं वृत्त कसं लिहावं यासाठी जगभर मानली जाणारी ‘अराइव्ह’ मार्गदर्शिका २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिचे दोन भाग केले गेले: दहा अत्यावश्यक मुद्दे आणि बाकीचे ‘शिफारस केलेले’. पिंजरा आणि निगा यांचा मुद्दा दुसऱ्या भागात पंधरावा आहे. हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या प्रयोगात ते एकवेळ चालेल. लघवीच्या प्रयोगात पिंजरा पंधराव्या क्रमांकावर ठेवणं म्हणजे मोजायची गोष्टच परिशिष्टात टाकणं.

मला विचाराल तर अशा चाचणीसाठी नर भावांच्या स्थिर जोड्या, भरपूर घरट्याचं साहित्य आणि जोडीतला वरचढ कोण याची आधीच केलेली नोंद, एवढं तरी हवं. त्यात एकट्याचा थंडावा नाही आणि पाच जणांची गुंडगिरीही बरीच टळते. पण दोघांतही एक वरचढ निघणारच, आणि त्याचा कागद दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसणारच. जोडीला एकच नमुना धरायचं तर दुप्पट उंदीर लागतात, आणि प्राणी कमीत कमी वापरा असं सांगणारी नीतिसमिती त्याला सहजी मान्यता देणार नाही.